आप्त कोण?

संध्याकाळी सहाच्या पुढे नाहूरला गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्यावर गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत असतात. त्या रांगेतल्या एखाद्या टॅक्सीत मागच्या सीटवर पोलादी पेट्यांची चळत असते आणि शेजारी, एक हात पेट्यांवर ठेवून, इस्त्रीच्या शर्टातला एक तरुण बसलेला असतो. पेट्यांत गुडघ्याचा सांधा बदलण्याची हत्यारं असतात: करवतीला दिशा देणारे ठोकळे, ड्रिल, रीमर, माप घेण्याचे नकली सांधे. हा सेट रुग्णालयाच्या मालकीचा नसतो. तो कंपनीचा किंवा डीलरचा. आज ठाण्यात, उद्या नाहूरला, परवा घाटकोपरला. लग्नसराईतल्या बँडवाल्यांसारख्या त्याच्या तारखा लागलेल्या असतात.

रुग्णालयात हा तरुण पुढच्या दारानं, फुलं ठेवलेल्या लॉबीतून जात नाही. तो जातो सीएसएसडीत, म्हणजे सगळ्या शस्त्रक्रियांची हत्यारं जिथं धुतात, तपासतात, बांधतात आणि वाफेवर निर्जंतुक करतात त्या विभागात. तिथं एक खिडकी असते. रुग्णालय कुठलंही असो, त्या खिडकीवरचा संवाद साधारण ठरलेला.

"ताई, उद्या सकाळी आठची केस आहे."

"मग दादा, सेट काल यायला हवा होता."

"ठाण्याहून आत्ताच सुटला. तिथून धुऊनच दिलाय."

खिडकीपलीकडच्या ताई पेट्या आत घेतात, ते शेवटचं वाक्य मात्र बाहेरच ठेवतात. पेट्या सरळ धुण्याच्या बाजूला जातात, जणू त्या आत्ताच कुणाच्या तरी उघड्या गुडघ्यातून बाहेर आल्या आहेत. 'धुऊनच दिलाय' या दोन शब्दांवर विश्वास ठेवायचा की नाही, हा प्रश्न रुग्णालयाच्या तळघरातला आणि किरकोळ वाटतो. पण हाच प्रश्न भारतीय तर्कशास्त्रज्ञांनी हजार वर्षांहून अधिक काळ घोळवला आहे, आणि तोही बराच नेटानं.

निर्जंतुक वस्तूचा एक विचित्र गुण आहे: ती निर्जंतुक आहे की नाही हे बघता येत नाही. डाग दिसतो, गंज दिसतो, जंतू दिसत नाहीत. बरं, तपासायचं म्हटलं तर पॅक उघडावा लागतो, आणि उघडला की तो निर्जंतुक राहत नाही. शिवाय ही शुद्धता 'आहे' किंवा 'नाही' अशी दोन टोकांची नसतेच. 1879 मध्ये शार्ल शांबरलाँ या फ्रेंच संशोधकानं ऑटोक्लेव्ह बनवला, तेव्हापासून तत्त्व तेच: दाबाखालची वाफ, ठरलेलं तापमान, ठरलेला वेळ. 134 अंश सेल्सियसला साधारण चार मिनिटं पुरतात. एवढं करून मिळतं काय, तर एक शक्यता. एक जंतू जिवंत उरण्याची शक्यता दहा लाखांत एक इतकी खाली आली की शास्त्र त्या वस्तूला निर्जंतुक म्हणतं. ओटीतल्या, म्हणजे शस्त्रक्रियागृहातल्या, सिस्टर ज्या निःशंकपणे पॅक उघडतात, त्यांच्या हातात असतं ते हे गणित आणि कुणाच्या तरी कामावरचा विश्वास.

न्यायशास्त्र इथं फार उपयोगी पडतं. कुठलीही गोष्ट खरी मानायला ते चार प्रमाणं देतं: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. चार्वाकाला यातलं फक्त पहिलं मान्य. चार्वाक सीएसएसडीत नोकरीला लागला तर एकही सेट वर जाणार नाही, कारण प्रत्यक्ष तिथं मिळतच नाही. उरतं अनुमान. डोंगरावर धूर दिसतो म्हणून तिथं आग असणार, हे न्यायाचं जुनं उदाहरण. पॅकवर लावलेल्या टेपच्या रेघा वाफेत काळ्या होतात, म्हणून आतलं हत्यार निर्जंतुक असणार, हे आजचं. पण टेप काळी होते ती बाहेरून उष्णता लागली म्हणून. आत, नळीच्या पोकळीत, वाफ पोचली की नाही हे तिला ठाऊक नसतं. जो हेतू, म्हणजे अनुमानाची खूण, साध्य, म्हणजे सिद्ध करायची गोष्ट, नसतानाही हजर असतो, त्याला नैयायिक 'सव्यभिचार' म्हणतात आणि हेत्वाभासांत, म्हणजे फसव्या हेतूंत, ढकलतात. भीमाचार्य झळकीकरांचा 'न्यायकोश' मुंबईत एकोणिसाव्या शतकात तयार झाला. त्याच्या पानांत हत्यारांची पेटी नाही, पण टेपवर विसंबणाऱ्याला त्यातून पुरेशी कानउघाडणी मिळेल.

म्हणून सीएसएसडी एका अनुमानावर थांबत नाही. रोज सकाळी पहिला लोड हत्यारांशिवायच चालवतात. आत फक्त एक चाचणीचा पॅक असतो. त्यातल्या कागदाचा रंग सगळीकडे सारखा बदलला, तरच यंत्रातली हवा नीट निघाली आणि वाफ सगळीकडे शिरली असं धरतात. 1963 साली बोवी आणि डिक या दोघांनी ही चाचणी मांडली. मुंबईच्या तंत्रज्ञांच्या तोंडी ती नुसती 'बोवी-डिक' आहे, आणि सकाळी कामावर आल्याबरोबर दिवा लावावा तशी ती लावली जाते. याहून खणखणीत पुरावा जिवाणूंचा. जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस हा उष्णतेला दाद न देणारा जिवाणू. तो 1920 मध्ये खराब झालेल्या डबाबंद भाज्यांत सापडला होता. त्याचे लाखो जिवंत बीजाणू एका छोट्या कुपीत घालून लोडबरोबर आत पाठवतात. तेच मेले तर बाकीचे मेले असणार. शरीरात कायमचं राहणारं काही लोडमध्ये असेल, तर कुपीचा निकाल येईपर्यंत तो लोड सोडू नये, असा संकेत आहे. सगळी घासाघीस होते ती इथं, कारण सकाळची आठची केस कुपीसाठी थांबायला तयार नसते.

आता चौथं प्रमाण, शब्द. एखादी गोष्ट कुणीतरी सांगितली म्हणून खरी मानणं. गौतमाचं न्यायसूत्र याला मान्यता देतं, पण अट घालतं: सांगणारा आप्त असला पाहिजे. मराठीत आप्त म्हणजे नातेवाईक, आप्तेष्टांतला, लग्नपत्रिकेत सापडणारा. शास्त्रातला आप्त वेगळा. वात्स्यायनाचं भाष्य त्याच्या तीन खुणा सांगतं. त्यानं ती गोष्ट स्वतः अनुभवानं जाणलेली असावी. त्याच्या मनात भूतदया असावी. आणि गोष्ट जशी आहे तशीच सांगायची त्याची इच्छा असावी. याच भाष्यात एक वाक्य असं आहे की वाचणारा दचकतो: हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेंच्छ या सगळ्यांना सारखंच लागू आहे. म्हणजे आप्तपणा जन्मावर अवलंबून नाही, हुद्द्यावरही नाही. ज्या समाजात कुणाच्या हातचं पाणी प्यायचं हे जन्मावरून ठरत होतं, त्याच समाजातल्या एका तार्किकानं दीड हजार वर्षांपूर्वी हे लिहून ठेवलं. ते पाळलं किती गेलं, हा वेगळा विषय.

या तीन खुणा लावून खिडकीवरच्या तरुणाकडे बघितलं तर तो अर्धा बुडतो आणि अर्धा तरतो.

तरतो कशात, तर ज्ञानात. एखादा नवा रीमर कुठून खोलायचा, त्याच्या आतली स्प्रिंग बाहेर काढून घासायची की तशीच ठेवायची, कुठल्या पोकळीत हाडाचा चुरा अडकतो, हे कित्येकदा त्या इमारतीत फक्त त्यालाच माहीत असतं. कंपनीच्या सूचनांची पुस्तिका इंग्रजीत आणि जाडजूड; धुणारे मामा ती वाचणार नाहीत. हा तरुण बाही वर करून, सिंकपाशी उभा राहून, 'हे बघा मामा, इथं दाबायचं आणि मग असं फिरवायचं' म्हणून दाखवतो, तेव्हा तो शास्त्राच्या भाषेत आप्तच असतो. त्याला त्या वस्तूचं प्रत्यक्ष ज्ञान आहे. चांगला प्रतिनिधी ओळखायची तंत्रज्ञांची खूणही हीच: साहेबांच्या केबिनबाहेर सगळेच उभे राहतात, सिंकपाशी उभा राहतो तो कामाचा.

पण 'धुऊनच दिलाय' याबाबतीत त्याचं ज्ञान शून्य. ठाण्याच्या धुण्याच्या खोलीत तो नव्हता. त्याला बंद पेट्या मिळाल्या आणि सोबत हे वाक्य मिळालं. त्यानं दोन्ही पुढं पोचवलं. तो खोटं बोलत नाही. तो ऐकीव बोलतो. शिवाय त्याला घाई आहे: महिन्याचं टार्गेट आहे, उद्या केस रद्द झाली तर सर्जनचा पहिला फोन त्याला येणार आहे. सत्य सांगायची इच्छा त्याच्यात असेलही, पण तिच्या शेजारी दुसरी एक इच्छा बसलेली आहे. न्यायशास्त्राला यासाठी खलनायक लागत नाही. म्हणून नियम असा की बाहेरून आलेला प्रत्येक सेट अस्वच्छच धरायचा, आणणारा कितीही ओळखीचा असो. नवीन मुलं सुरुवातीला दुखावतात, 'ताई, एवढा पण विश्वास नाही का?' विचारतात. वर्षभरात त्यांना कळतं की इथं प्रश्न त्यांच्या सज्जनपणाचा नव्हताच.

गुडघ्याच्या सांध्यांच्या किमतीला सरकारनं ऑगस्ट 2017 मध्ये मर्यादा घातली. कोबाल्ट-क्रोमियमच्या नेहमीच्या सांध्याला 54,720 रुपये, कर वेगळा. राजपत्रात आकडा आला, वर्तमानपत्रांत चौकटी आल्या. 2024 मध्ये उपकरणं विकणाऱ्यांसाठी आचारसंहिताही आली. तिचा रोख डॉक्टरांना दिल्या जाणाऱ्या भेटवस्तू आणि सहलींवर. सेट किती तास आधी खिडकीवर यावा, हे मात्र रुग्णालयागणिक ठरतं. कुणी 24 तास म्हणतं, कुणी 48, आणि दोन्ही आकडे वाकवणारा फोन वरून येऊ शकतो.

विकणाऱ्याच्या शब्दाचं वजन किती मोठ्या प्रमाणावर चुकू शकतं, याचं उदाहरण महाराष्ट्राला चांगलं ठाऊक आहे. डेप्यू कंपनीचा एएसआर हा खुब्याचा कृत्रिम सांधा ऑगस्ट 2010 मध्ये जगभरातून परत मागवला गेला. भारतात सुमारे 4,700 शस्त्रक्रियांत तो वापरला गेला होता. केंद्रानं नेमलेल्या तज्ज्ञ समितीचा अहवाल यायला 2018 उजाडलं. ज्यांना तो बसवला त्यांनी डॉक्टरांच्या शब्दावर विश्वास ठेवला होता, डॉक्टरांनी कंपनीच्या. आणि त्या साखळीत कुठंतरी पेट्या घेऊन उभा असलेला एक माणूसही होता, ज्याला बहुधा पुस्तिकेत लिहिलं होतं तेवढंच माहीत होतं.

खिडकीच्या आतल्या बाजूला तीच तीन खुणांची परीक्षा लावली तर चित्र उलटं दिसतं. ताईंना हत्याराच्या आतल्या स्प्रिंगची माहिती कदाचित कमी, पण सेट धुतला की नाही, लोड लागला की नाही, कुपी पिवळी झाली की जांभळीच राहिली, हे त्यांनी डोळ्यांनी बघितलेलं असतं. केस झाल्यानं त्यांना काही मिळत नाही, न झाल्यानं शिव्याच मिळतात. वात्स्यायनाच्या तिन्ही खुणा त्यांच्यात सापडतात. तरीही 'सेट तयार नाही' हे वाक्य त्यांच्या तोंडून निघालं की वर ओटीत त्याचं वजन घटतं. तेच वाक्य सर्जन म्हणाले तर ते वैद्यकीय निर्णय ठरतं. ताई म्हणाल्या तर अडवणूक.

व्हिएन्नात हे एकदा घडून गेलं आहे. 1840 च्या दशकात तिथल्या रुग्णालयात बाळंतिणींचे दोन विभाग होते, एकात डॉक्टर आणि विद्यार्थी, दुसऱ्यात सुईणी. डॉक्टरांच्या विभागात बायका कितीतरी जास्त मरत. शहरातल्या गरीब बायकांना हे माहीत होतं. आम्हाला सुईणींकडे पाठवा म्हणून त्या गुडघे टेकून विनवत. इग्नाझ झेमेलवाइसला कारण उमगलं ते 1847 मध्ये: डॉक्टर शवविच्छेदन करून तसेच बाळंतिणीकडे येत होते. त्यानं क्लोरीनच्या चुन्यानं हात धुवायला लावले आणि मृत्यू झपाट्यानं घटले. झेमेलवाइसचं नाव राहिलं, त्याला वेड्यात काढणाऱ्यांचीही थोडीफार राहिली. गुडघे टेकणाऱ्या बायकांना ते आधीपासून माहीत होतं, पण त्यांच्या माहितीला कुणी प्रमाण मानलं नव्हतं.

शुद्धता हा मराठी घरांच्या परिचयाचा विषय. सोवळ्यातल्या आजीला ओटीचे नियम समजवायला दोन मिनिटं पुरतील. हात धुतल्यावर कोपरापासून वर धरायचे, कशाला शिवायचं नाही, शिवलं की पुन्हा पहिल्यापासून. उंच दांडीवर काठीनं वाळत घातलेलं सोवळं आणि हिरव्या कापडात गुंडाळलेला गाऊन यांच्यात वरवर पाहता फरक नाही. खरा फरक विटाळ कशाचा, यात आहे. ओटीत प्रत्येकजण ओवळा असतो, मुख्य सर्जनसुद्धा, आणि नीट धुतल्यावर प्रत्येकजण सोवळा होऊ शकतो. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांसह हजारो लोक महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्याले. त्यानंतर तिथल्या सवर्णांनी 108 घागरी पंचगव्य ओतून तळं 'शुद्ध' केलं. शेण आणि गोमूत्र घातलेल्या पाण्याची परीक्षा त्या कुपीसमोर काय झाली असती, हे सांगायला नको. त्या शुद्धतेला पुरावा लागत नव्हता, कारण तिचा जंतूंशी संबंध नव्हता, माणसांशी होता. आणि तिची सावली रुग्णालयांतून अजून पुरती गेलेली नाही: घाण हाताळणाऱ्याचा शब्द हलका, हा हिशेब तळ्यावरचाच.

नाहूरच्या शेजारी, भांडुपच्या डोंगराकडे, मुंबईच्या पिण्याच्या पाण्याचा मोठा शुद्धीकरण प्रकल्प आहे. शहराच्या फार मोठ्या भागाची तहान तिथलं पाणी भागवतं, आणि त्यातला क्लोरीन झेमेलवाइसच्या चुन्याचा वंशज. हे पाणी प्यायला उत्तम. पण हत्यार शेवटचं खळबळून घ्यायला ते चालत नाही, आणि उकळलं तरी चालेलच असं नाही. दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया भारतात पसरल्या तेव्हा अनेक ठिकाणी हत्यारं रसायनात बुडवून नंतर नळाच्या किंवा उकळलेल्या पाण्यात खळबळून घेत. शस्त्रक्रिया छान व्हायची, टाके भरायचे, आणि काही आठवड्यांनी त्याच छिद्रांतून पू यायला लागायचा. क्षयाच्या जंतूचे भाऊबंद असलेले पाण्यातले जिवाणू त्यातून शरीरात शिरत होते. उकळलं म्हणजे शुद्ध झालं ही समजूत इतकी घरगुती आहे की तिच्यावर शंका घ्यायला मन धजत नाही.

त्याहून अस्वस्थ करणारी गोष्ट झ्युरिकची. तिथं 1970 च्या दशकात मेंदूत घालायचे चांदीचे इलेक्ट्रोड एका रुग्णावर वापरून बेंझिननं पुसले, अल्कोहोल आणि फॉर्माल्डिहाइडच्या वाफेनं निर्जंतुक केले आणि दोन तरुण रुग्णांसाठी पुन्हा वापरले. पहिल्या रुग्णाला क्रॉइट्झफेल्ड-याकोब हा मेंदूचा दुर्धर आजार होता. तो पुढच्या दोघांनाही झाला. त्या काळच्या रीतीनं कुणी हयगय केली नव्हती. 'धुऊनच दिलाय' हे वाक्य तिथं अक्षरशः खरं होतं.

3 ऑगस्ट 2015 रोजी पुण्याहून एक हृदय विमानानं मुंबईत आलं, रस्ते मोकळे करून मुलुंडच्या फोर्टिसमध्ये, म्हणजे नाहूरच्या याच जोडरस्त्यावर, पोचलं आणि डॉ. अन्वय मुळे यांच्या पथकानं ते एका तरुणाला बसवलं. केईएम रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांनी 1968 मध्ये देशातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण केलं होतं. त्यानंतर मुंबईत हे यश यायला 47 वर्षं लागली. हृदयाच्या खोक्याचे फोटो सगळीकडे आले, आणि यायलाच हवे होते. पण शरीराबाहेर हृदय टिकतं साधारण चार तास. त्यामुळे अशा वेळी हत्यारं धुवायला काढता येत नाहीत; ती आधीच धुऊन, बांधून, तारीख घालून फळीवर असावी लागतात. त्यांचे फोटो कुणी काढत नाही. काढून दिसणार तरी काय, हिरव्या कापडातलं एक गाठोडं.

रुग्णालयात सगळेच एकमेकांना ताई, दादा, मामा, मावशी म्हणतात. बाहेरच्याला हे मराठी आपुलकीचं लक्षण वाटतं, आणि काही अंशी ते असतंही. पण 'ताई, एवढं ॲडजस्ट करा ना' मधलं ताई हे नातं नसतं, ते ओझं सरकवायचं हत्यार असतं. दिवाळीतला मिठाईचा पुडाही तसाच. कुठल्या संहितेत बसणार नाही इतका लहान, आणि फेब्रुवारीत उशिरा आलेल्या सेटच्या वेळी बरोबर आठवणारा. लग्नपत्रिकेतले आप्त आणि शास्त्रातले आप्त यांची गल्लत व्हायला एवढं पुरतं.

रात्री साडेदहाला लोड बाहेर येतो. पेट्या जाळीच्या रॅकवर गार व्हायला ठेवतात. एका पेटीच्या कोपऱ्याला कापड ओलसर दिसतं, म्हणजे तो पॅक बाद. ताई तिला वेगळी काढतात, रजिस्टरात लाल पेनानं नोंद करतात आणि फोन लावतात. तरुण मुलुंडला घरी पोचून जेवायला बसलेला असतो.

"दादा, तीन नंबरच्या पेटीत पाणी सुटलंय. तिच्याशिवाय केस होईल का?"

थोडा वेळ तो बोलत नाही.

"पेशंटच्या मापाचं सगळं दुसऱ्या पेटीत आहे, ताई. पण तीन नंबरमध्ये मोठी मापं आहेत. सर टेबलवर मागू शकतात."

"म्हणजे लागेल."

"हो, लागेल. मी येऊ का?"

"या. ते मधलं हत्यार परत खोलावं लागेल, रात्रपाळीच्या मामांना ते जमत नाही."

तो ताटावरून उठतो.